सायकलची वाट, स्कूटरची घाई

सकाळचे साडेदहा वाजले आहेत. पुण्यातल्या सातारा रस्त्यासारखा एक रुंद रस्ता. मधोमध बसचा मार्ग, दोन्ही अंगांना मोटारींची दाटी आणि अगदी कडेला, फूटपाथला लागून, सायकलींसाठी राखलेली अरुंद पट्टी. त्या पट्टीवरून सातवी-आठवीतली एक मुलगी शाळेला निघाली आहे. पाठीवर दप्तर, हॅण्डलला अडकवलेली डब्याची पिशवी. एवढ्यात मागून हॉर्न वाजतो. एकदा, दोनदा, मग सलग. मुलगी दचकून मागे पाहते, तोल सावरायला एक पाय फूटपाथवर टेकते आणि थांबते. तिच्या कोपराला जवळजवळ घासून एक स्कूटर पुढे निघून जाते.

स्कूटरवरच्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर राग नाही, उद्दामपणाही नाही. आहे ती फक्त घाई. पुढचा सिग्नल तीनदा हिरवा होऊन तांबडा झाला तरी रस्ता हलेना, म्हणून त्यांनी कडेची मोकळी पट्टी धरली, इतकेच. त्यांच्या मागे, त्यांची कंबर धरून, त्या मुलीच्याच वयाचा त्यांचा मुलगा बसला आहे. त्यालाही शाळेतच जायचे आहे. त्याच्या घरीही सायकल आहे; पण रहदारीची धास्ती वाटते, म्हणून त्याला सायकलने पाठवत नाहीत.

असे प्रसंग शहरात रोज घडतात आणि कोणी त्यांची नोंद ठेवत नाही. कोणाला खरचटले नाही, कोणी पोलिसांत गेले नाही. फक्त त्या मुलीने घरी जाऊन सांगितले तर पुढच्या सोमवारपासून तिलाही कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून जावे लागेल. म्हणजे रस्त्यावर एक सायकल कमी आणि एक स्कूटर जास्त. सायकलच्या वाटेवर शिरलेल्या स्कूटरने केलेले खरे नुकसान हे असे, न दिसणारे असते.

या गोंधळात थोडा हात मराठी भाषेचाही आहे, असे म्हणायला हरकत नाही. ‘दुचाकी’ या एका शब्दात सायकल, मोपेड, स्कूटर, मोटारसायकल सगळे बसते. चाके दोन, तेव्हा भावंडेच! मग एका भावंडाच्या वाटेने दुसरे गेले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. सायकल आणि तिच्यावरचे मूल मिळून वजन फार तर साठ-सत्तर किलो. वेग तासाला दहा-बारा किलोमीटर. स्कूटरचे एकटीचेच वजन शंभर किलोच्या पुढे, त्यावर एक-दोन माणसे आणि वेग तासाला चाळीस. शाळेत शिकलेला नियम असा की, धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग तिप्पट झाला की जोर नऊपट. त्यात वजनातला फरक मिळवला की हिशेब पंचवीसपटीच्या आसपास जातो. चाळीसच्या वेगाने जाणारी स्कूटर एका सेकंदात अकरा मीटर पुढे सरकते आणि चालवणाऱ्याला समोरचे पाहून ब्रेक दाबायला तेवढा एक सेकंद तरी लागतोच. उलट सायकलवरचे मूल सरळ रेषेत जात नसते. पायडल मारताना ते थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे झुकते; खड्डा चुकवते; मैत्रिणीशी बोलायला मान वळवते. तसे ते वागणारच. सायकलची वाट वेगळी काढायची ती त्याला तसे वागता यावे म्हणूनच.

पुण्याला हे सगळे नव्याने शिकावे लागावे, यातच एक गंमत आहे. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्यांचे भोंगे झाले की सायकलींचे लोंढे रस्त्यावर येत. प्राध्यापक, कारकून, दूधवाले, कॉलेजच्या मुली, सगळ्यांची सायकल. पेठांतून तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने होती. सुट्टीत मुले पैसे जमवून अर्धा तास सायकल घेत आणि गुडघे फोडून परत करत. रात्री दिवा नसला किंवा मागे डबलसीट बसवले तर पोलीस अडवत. त्या काळात सायकलींना वेगळी वाट लागत नव्हती. रस्ता बव्हंशी त्यांचाच होता.

मग स्कूटर आली आणि तीही पुण्याच्याच अंगणात. आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यात इटलीच्या व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटर तयार होऊ लागल्या. तो करार संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ आली, राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकने ‘लूना’ आणली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या पिढीला आठवत असेल की, नंबर लागल्याचे पत्र आले की घरात पेढे वाटत. मुलगी पाहायला गेलेल्या मंडळींच्या बोलण्यात ‘मुलाची स्कूटर आहे’ हे वाक्य ठळकपणे येई. नवरा, बायको, मध्ये एक मूल, पुढे उभे दुसरे मूल आणि पायाशी भाजीची पिशवी, असा सारा संसार त्या एका वाहनावर मावत असे.

तेव्हा स्कूटरवाल्याला खलनायक करून हा प्रश्न सुटणारा नाही. विशेषतः बायकांच्या आयुष्यात या वाहनाने केलेला बदल फार मोठा आहे. लूनावर बसून शाळेत शिकवायला जाणाऱ्या बाई, पुढे कायनेटिक होंडावरून बँकेत जाणाऱ्या, स्कूटीवरून क्लासला जाणाऱ्या मुली. बसची वाट पाहण्यातून आणि ‘आणायला कोण येणार’ या प्रश्नातून त्यांची सुटका या छोट्या गाड्यांनी केली. अर्थात, त्याआधी ती सायकलने केली होती.

हे दोन्ही टप्पे एकापुढे एक स्पष्ट पाहायचे असतील तर जरा दक्षिणेला, तमिळनाडूत डोकवावे. १९९१ नंतर पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. तिथल्या तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी या कामाला बळ दिले. पुढे २००१ पासून त्या राज्याने अकरावीतल्या मुलींना सरकारी खर्चाने सायकली द्यायला सुरुवात केली. आधी मागास वर्गांतल्या मुलींना, नंतर योजना वाढत गेली. आणि २०१८ मध्ये नोकरी करणाऱ्या बायकांना स्कूटर घेण्यासाठी अनुदान देण्याची योजना आली. कुंभकोणमजवळ तिरुविसनल्लूर नावाचे गाव आहे. तंजावरचे भोसले घराण्यातले शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजीराजांचे पुत्र, यांनी १६९३ मध्ये ते चाळीसहून अधिक विद्वानांना वसण्यासाठी दिले आणि गावाला शहाजीराजपुरम असे नाव मिळाले. मराठी राजाने वसवलेल्या अशा एखाद्या गावातल्या घरात आज मुलीची सायकल सरकारने दिलेली आणि आईची स्कूटर सरकारच्या मदतीने घेतलेली, असे चित्र सहज असू शकते. दोन्ही गाड्या एकाच ओसरीत उभ्या राहतात आणि सकाळी एकाच अरुंद रस्त्याला लागतात. सायकल देणारा आणि स्कूटर देणारा एकच. पण त्या दोघींनी एकमेकींना कसे सांभाळायचे, हे मात्र कोणत्याही योजनेत लिहिलेले नसते. गावात ते ओळखीपाळखीने निभावते. समोरून येणारी मुलगी कोणाची, हे स्कूटरवाल्याला ठाऊक असते आणि तो आपसूक वेग कमी करतो. शहरात ती ओळख नसते, म्हणून तिथे वाट आखावी लागते.

पुण्याने ती आखायला घेतली. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाल्या, तेव्हा त्यांच्या कडेने सायकल ट्रॅकही बांधण्यात आले. नंतर इतर मोठ्या रस्त्यांवरही झाले. जंगली महाराज रस्त्याची नव्याने रचना करताना सायकलींची वेगळी सोय केली गेली. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला; त्यात आठशेहून अधिक किलोमीटरचे जाळे कल्पिले होते. त्याच सुमारास मोबाइलवरून कुलूप उघडून भाड्याने घ्यायच्या पिवळ्या-नारिंगी सायकलीही रस्त्यावर आल्या, लोकांनी हौसेने चालवल्या आणि काही काळातच दिसेनाशा झाल्या. एकेका तासाला सायकल देणाऱ्या जुन्या दुकानदाराला ते पाहून काय वाटले असेल, कोण जाणे!

जे ट्रॅक झाले त्यांचे काय होते, हे रोज त्यांवरून जाणाऱ्याला पाठ असते. दोनशे मीटर छान गेले की मध्ये झाड. मग विजेचा डबा. मग पाणीपुरीची गाडी, तिच्याभोवती गिऱ्हाइके. मग उभी केलेली मोटार. मग दुकानाच्या दारात जाण्यासाठी काढलेला उतार. मग चौक, जिथे ट्रॅक एकाएकी संपतो आणि सायकलवाल्याला भर रहदारीत सोडून देतो. थोडक्यात, ट्रॅक सायकलींना सलग चालता येईल असा नाही, पण गर्दीच्या वेळी स्कूटरला दोनशे मीटरची आडवाट काढता येईल असा मात्र आहे. ज्याच्यासाठी बांधला त्याला निरुपयोगी आणि ज्याला बंदी त्याच्या सोयीचा! सायकली फिरकत नाहीत, म्हणून तो रिकामा दिसतो. रिकामा दिसतो, म्हणून स्कूटर शिरते. स्कूटर शिरते, म्हणून सायकली फिरकत नाहीत. मग एखाद्या सभेत कोणी तरी उठून म्हणतो की, सायकली चालवतो कोण, ही जागा मोटारींना द्या.

कायदा या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. १९८९ च्या रस्त्यावरील वाहतुकीच्या नियमांतच सांगितले होते की, जिथे फूटपाथ किंवा सायकल ट्रॅक वेगळा काढला आहे, तिथे गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून मोटार वाहन त्यावर नेऊ नये. भारतीय रोड काँग्रेसने तर १९६२ मध्येच सायकल ट्रॅक कसा असावा याचे मार्गदर्शन छापले आणि रुंदी किमान दोन मीटर हवी, असे सांगितले. दोन सायकली शेजारून जाव्यात, हा त्यामागचा साधा विचार. पण पोलीस चौकात उभा असतो आणि स्कूटर दोन चौकांच्या मधल्या भागात ट्रॅकवर चढते. प्रत्येक दोनशे मीटरला एक पोलीस कोण उभा करणार?

म्हणून मग तोंडाशी खांब रोवायची युक्ती निघते. सायकल जाईल, स्कूटर अडेल, अशा अंतरावर खांब. ऐकायला सोपे वाटते. पण घरच्या टेपने मोजून पाहावे. नेहमीच्या स्कूटरची रुंदी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास भरते आणि साध्या सायकलचे हॅण्डल साठच्या आसपास. फरक जेमतेम वीतभराचासुद्धा नाही. स्कूटर अडेल इतके जवळ खांब आणले, तर सायकलवरचे मूल हॅण्डल अडकून पडेल. दोन्हीकडे पिशव्या लावलेला दूधवाला आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस तर दूरच राहिले. मूल सहज जाईल इतके लांब रोवले, तर स्कूटरही आरसा वाचवत निघून जाते. खांबांवर विसंबून हा प्रश्न सुटत नाही, तो याच दहा सेंटिमीटरमुळे. (काही ठिकाणी खांब कोणी तरी वाकवूनही टाकतात, ती गोष्ट वेगळी.)

सायकलींचा देश म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या नेदरलँड्सलाही याच प्रश्नाने छळले, हे वाचून पुणेकरांना थोडे हायसे वाटेल. तो देशही पूर्वीपासून शहाणा नव्हता. १९७१ मध्ये तिथे रस्त्यावरच्या अपघातांत चारशेहून अधिक मुले दगावली. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले. ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाची चळवळच १९७२ मध्ये उभी राहिली. पुढच्या काळात सायकलींसाठी वेगळ्या वाटांचे जाळे वाढत गेले. मात्र या वाटांवर छोट्या मोटरगाड्यांनाही परवानगी होती. तासाला पंचेचाळीसपर्यंत जाणाऱ्या मोपेड डिसेंबर १९९९ मध्ये गावठाणातल्या सायकलवाटांवरून काढून मुख्य रस्त्यावर पाठवल्या गेल्या. पण पंचवीसच्या मर्यादेतल्या, निळ्या पाटीच्या हलक्या स्कूटर सायकलींबरोबरच राहिल्या. वेग थोडाच जास्त आहे, चालून जाईल, असा हिशेब. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेक गाड्या पंचवीसला थांबत नसत. हेल्मेटची सक्ती नव्हती, त्यामुळे त्या लोकप्रिय झाल्या आणि ॲमस्टरडॅमच्या गजबजलेल्या सायकलवाटांवर म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना जीव मुठीत धरून चालवायची वेळ आली.

अखेर ८ एप्रिल २०१९ पासून ॲमस्टरडॅमच्या वळणरस्त्याच्या आतल्या बहुतेक भागात या निळ्या पाटीच्या स्कूटरनाही मुख्य रस्त्यावर जाण्याचा आणि हेल्मेट घालण्याचा नियम लागू झाला. स्कूटरवाल्यांनी तक्रार केली की, पंचवीसच्या वेगाने आम्हांला पन्नासच्या मोटारींत ढकलता, उद्या आम्हीच चिरडलो जाऊ. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वाट बदलली की भीती एकाकडून दुसऱ्याकडे सरकते. १ जानेवारी २०२३ पासून या गाड्यांना साऱ्या देशभर हेल्मेट सक्तीचे झाले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून ॲमस्टरडॅमच्या बहुतेक रस्त्यांवर मोटारींचाच वेग तासाला तीसवर आणण्यात आला. म्हणजे स्कूटरला सायकलवाटेतून बाहेर काढून ते थांबले नाहीत. ती जिथे गेली तो रस्ता तिच्यासाठी राहण्याजोगा केला. गाड्यांची वाटणी त्यांनी चाकांच्या संख्येवरून केली नाही, वेग आणि वजन पाहून केली. ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलवेनमध्ये बरीच भारतीय कुटुंबे राहतात, त्यांत मराठीही आहेत. पुण्यात ज्या मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत सायकलने पाठवले नसते, त्याला तिथे शाळेत सायकलने पाठवायला त्याच आईबापांचा जीव कचरत नाही. मूल तेच, आईबाप तेच. बदलला आहे तो फक्त रस्ता.

पुण्याला, आणि पुण्याच्या पावलावर पाऊल टाकणाऱ्या नाशिक-नागपूरलाही, पुढचा पेच येऊ घातला आहे तो नेमका त्या निळ्या पाटीच्या गाडीचा. मध्यंतरी बंद झालेली स्कूटर बजाजने २०२० मध्ये पुन्हा आणली, ती विजेवर चालणारी चेतक म्हणून. अशा वेगवान विजेच्या स्कूटरना परवाना आणि नोंदणी लागते, तो प्रश्न नाही. पण अडीचशे वॅटपर्यंतची मोटर, तासाला पंचवीसपेक्षा कमी वेग आणि बॅटरी सोडून साठ किलोपर्यंत वजन असलेली विजेची गाडी आपल्या नियमांनुसार मोटार वाहनच मानली जात नाही. तिला नंबरपाटी नाही, चालवणाऱ्याला परवाना नाही, त्यामुळे मोटार वाहन कायद्यातली वयाची अटही तिला लागत नाही. दुकानात ती ‘मुलांना शाळेत जायला एकदम बेस्ट’ म्हणून दाखवली जाते. आठवीतल्या मुलाला वाढदिवसाला ती मिळाली की, तो ती चालवणार कुठे? मुख्य रस्त्यावर पाठवायला आईची छाती होत नाही. ती सांगते, ‘कडेने जा, सायकल ट्रॅकवरून.’ कागदोपत्री मोटार नाही, तेव्हा हरकत कोण घेणार? आणि तिचा वेग आतून सोडवून देणारा कारागीर गल्लीत मिळाला की पंचवीसचे चाळीस व्हायला वेळ लागत नाही. तसे केले की ती गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहन ठरते आणि चालवणारे मूल विनापरवाना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, हे बहुतेक घरांत ठाऊक नसते.

घरातल्यांना करता येण्याजोगे काय आहे? ट्रॅक बांधणे हाती नाही. तो सलग असावा, चौकात संपू नये, त्यावर मोटारी उभ्या राहू नयेत, यासाठी प्रभागातल्या नगरसेवकाच्या मागे लागणे तेवढे हाती आहे. शाळेच्या पालकसभेत हा विषय काढला तर ऐकणारे मिळतात, कारण तिथे बसलेल्या निम्म्या पालकांनी आपली स्कूटर नुकतीच फाटकासमोर उभी केलेली असते. सायकलने येणाऱ्या मुलांना दहा मिनिटे आधी सोडावे, एका दिशेने राहणाऱ्या मुलांनी जोडीने यावे, फाटकासमोर स्कूटर न आणता थोडे अलीकडे थांबावे, असल्या साध्या गोष्टी ठरवता येतात. त्यांना कोणाचा ठराव लागत नाही. आणि रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, मुलाबरोबर एकदा आईने किंवा वडिलांनीही सायकल काढून शाळेपर्यंत जाऊन यावे. कुठे ट्रॅक तुटतो, कुठे मोटार दार उघडू शकते, कुठल्या चौकात उतरून सायकल हाताने न्यायची, हे स्कूटरवरून दिसत नाही.

त्या गृहस्थांनीही एखाद्या रविवारी तसे केले, तर चौथ्या मिनिटाला मागून कोणाचा तरी हॉर्न ऐकू येईल आणि एक पाय फूटपाथवर टेकावा लागेल.